डाग हॅमरशोल्ड : कोणाचाही नसलेला मुत्सद्दी

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसाकडे स्वतःचे सैन्य नसते, खजिना नसतो आणि त्याच्या शब्दाची अंमलबजावणी करणारी यंत्रणाही नसते. सदस्य राष्ट्रांनी वर्गणी दिली तर त्याचे कार्यालय चालते आणि त्यांनी जवान दिले तर त्याची शांतिसेना उभी राहते. असे असूनही जगात कुठे युद्ध पेटले की लोकांच्या नजरा या पदाकडे वळतात आणि युद्ध थांबले नाही की दोषही याच पदाला दिला जातो. अधिकार अत्यल्प आणि अपेक्षा अपार अशा या आसनावर आजवर जे बसले, त्यांत स्वीडनच्या डाग हॅमरशोल्ड यांचे नाव सर्वात आदराने घेतले जाते. १९५३ ते १९६१ अशी आठ वर्षे ते या पदावर होते आणि त्याच पदाचे कर्तव्य बजावताना त्यांना मृत्यू आला.

हॅमरशोल्ड यांचा जन्म २९ जुलै १९०५ रोजी स्वीडनमधील यन्शपिंग येथे झाला. चार भावांतले ते सर्वात धाकटे. घराण्यात पिढ्यान् पिढ्या राजसेवेची परंपरा होती. वडील ह्यालमार हॅमरशोल्ड हे कायदेपंडित होते. पुढे ते उप्साला प्रांताचे गव्हर्नर झाले, त्यामुळे डाग यांचे बालपण उप्सालाच्या टेकडीवरील जुन्या राजवाड्यात गेले. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ह्यालमार स्वीडनचे पंतप्रधान होते. देशाला युद्धापासून दूर ठेवण्यासाठी त्यांनी तटस्थतेचे धोरण इतके कठोरपणे राबवले, की परदेशांशी होणाऱ्या व्यापाराची कोंडी झाली आणि देशात अन्नटंचाई भासू लागली. लोकांनी त्यांच्या आडनावाची मोडतोड करून त्याला भुकेशी जोडणारे टोपणनाव त्यांना बहाल केले. १९१७ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. कोणाचीही बाजू न घेणाऱ्याच्या वाट्याला काय येते, याचा पहिला धडा अकरा वर्षांच्या डागला असा घरातच मिळाला.

उप्साला विद्यापीठात त्यांनी भाषा, साहित्य, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र आणि कायदा यांचे अध्ययन केले. १९३३ मध्ये व्यापारचक्रांवरील प्रबंधाला त्यांना स्टॉकहोम येथे डॉक्टरेट मिळाली. १९३६ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते अर्थखात्याचे सचिव झाले. पुढे स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेच्या संचालक मंडळाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते परराष्ट्र खात्यात गेले. मार्शल योजनेच्या अंमलबजावणीसाठी पॅरिसमध्ये झालेल्या वाटाघाटींत त्यांनी स्वीडनचे प्रतिनिधित्व केले. १९५१ मध्ये ते मंत्रिमंडळात आले, मात्र त्यांनी कोणत्याही पक्षाचे सदस्यत्व घेतले नाही. मंत्री असूनही आपण मूलतः राज्याचे नोकर आहोत, ही त्यांची धारणा कायम होती.

सरचिटणीसपद त्यांच्याकडे आले ते काहीसे अनपेक्षितपणे. पहिले सरचिटणीस नॉर्वेचे त्रिग्वे ली यांनी कोरियन युद्धात राष्ट्रसंघाच्या लष्करी कारवाईला पाठिंबा दिल्याने सोव्हिएत रशियाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. दुसरीकडे अमेरिकेत साम्यवाद्यांच्या शोधाची लाट उसळली होती आणि राष्ट्रसंघाचे अमेरिकी कर्मचारी संशयाच्या छायेत वावरत होते. दोन्ही बाजूंनी कोंडी झालेल्या ली यांनी नोव्हेंबर १९५२ मध्ये राजीनामा जाहीर केला. त्यांच्या जागी कॅनडाचे लेस्टर पिअर्सन यांचे नाव आले, त्यावर रशियाने नकाराधिकार वापरला. फिलिपाइन्सचे कार्लोस रोम्युलो यांना पुरेशी मते मिळाली नाहीत. रशियाने भारताच्या विजयालक्ष्मी पंडित यांचे नाव सुचवले, तेही मागे पडले. अखेर ज्याच्याविषयी कोणाचाच विशेष आक्षेप नाही असा एक कार्यक्षम, अबोल, राजकारणात न रमणारा अधिकारी म्हणून हॅमरशोल्ड यांच्यावर महासत्तांचे एकमत झाले. मार्चच्या अखेरीस ही वार्ता त्यांच्या कानी पडली, तेव्हा एप्रिल फूलची थट्टा समजून त्यांनी ती उडवून लावली. ७ एप्रिल १९५३ रोजी आमसभेने ५७ विरुद्ध १ अशा मतांनी त्यांची नियुक्ती केली. न्यूयॉर्कच्या विमानतळावर त्यांचे स्वागत करताना ली यांनी या पदाचे वर्णन जगातील सर्वात अशक्यप्राय नोकरी असे केले होते.

महासत्तांना हवा होता एक कारकून. त्यांना मिळाला तो भलताच माणूस. पदभार स्वीकारल्यावर हॅमरशोल्ड इमारतीचा मजला न् मजला फिरले आणि कर्मचाऱ्यांशी त्यांनी हस्तांदोलन केले. अमेरिकी गुप्तचर विभागाचे अधिकारी राष्ट्रसंघाच्या वास्तूतच बसून कर्मचाऱ्यांची चौकशी करीत होते. त्यांना त्यांनी वर्षाच्या आत बाहेरचा रस्ता दाखवला. ही वास्तू अमेरिकेच्या भूमीवर असली तरी तिच्यात काम करणारा माणूस कोणत्याही एका सरकारचा नाही, हे तत्त्व त्यांना प्रथम घरातच प्रस्थापित करायचे होते.

या तत्त्वाची पहिली मोठी कसोटी लागली ती पेकिंगमध्ये. कोरियन युद्धात पाडल्या गेलेल्या एका बी-२९ विमानातील ११ अमेरिकी हवाई सैनिकांना चीनने नोव्हेंबर १९५४ मध्ये हेर ठरवून तुरुंगवासाच्या शिक्षा ठोठावल्या. अमेरिकेत संतापाचा डोंब उसळला. आमसभेने १० डिसेंबर रोजी चीनचा निषेध करणारा ठराव संमत केला आणि सैनिकांच्या सुटकेची जबाबदारी सरचिटणीसांवर टाकली. पेच असा होता, की त्या काळी चीनची जागा तैवानमधील सरकारकडे होती आणि पेकिंगच्या सरकारला राष्ट्रसंघात स्थानच नव्हते. ज्या सभेने आपल्याला दाराबाहेर उभे केले आणि वर निषेधही केला, तिच्या दूताशी चीनने का म्हणून बोलावे?

हॅमरशोल्ड यांनी यातून वाट काढली. आमसभेच्या ठरावाचा आधार न घेता, राष्ट्रसंघाच्या सनदेने सरचिटणीसपदाला दिलेल्या जबाबदारीच्या नात्याने त्यांनी चौ एन-लाय यांना थेट तार पाठवली आणि भेटीची वेळ मागितली. निषेधाच्या ठरावाशी चौ यांना बोलायचे नव्हते, पण सनदेच्या प्रतिनिधीशी बोलण्यास त्यांची हरकत नव्हती. कायद्याचा हा बारकावा पुढे राजनैतिक परिभाषेत पेकिंग सूत्र या नावाने रूढ झाला. जानेवारी १९५५ मध्ये हॅमरशोल्ड चीनला गेले. चार दिवस बोलणी चालली. दोघेही सुसंस्कृत, दोघेही शब्दांची किंमत जाणणारे. बोलणी संपली तेव्हा हातात काहीच नव्हते आणि अमेरिकी वृत्तपत्रांनी ही शिष्टाई फसल्याचा निष्कर्ष काढला. कैद्यांच्या कुटुंबीयांना भेटीसाठी येऊ देण्याची तयारी चीनने दाखवली, तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्यांना पारपत्रे नाकारली. हॅमरशोल्ड यांनी जाहीर प्रत्युत्तरे देण्याचे टाळले. पत्रव्यवहार मात्र चालू ठेवला. मे महिन्यात आणखी चार अमेरिकी वैमानिक सुटले. त्या कामी भारताच्या कृष्ण मेनन यांच्या पेकिंगमधील वाटाघाटींचाही हातभार होता. उरलेल्या ११ जणांच्या सुटकेचा निरोप चौ यांनी हॅमरशोल्ड यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या सुमारास, शुभेच्छांसह धाडला. सुटकेचे श्रेय दबावाला जाऊ नये आणि ते एका माणसाशी असलेल्या सौहार्दाला जावे, अशी ही चिनी पद्धतीची योजना होती.

या घटनेनंतर शांत मुत्सद्देगिरी ही हॅमरशोल्ड यांची ओळख बनली. व्यासपीठावरून एखाद्या राष्ट्राला दोषी ठरवले की त्या राष्ट्राला माघार घेण्याची वाट उरत नाही. बंद दाराआड तीच गोष्ट सांगितली तर प्रतिष्ठा राखून पाऊल मागे घेता येते, असा हा साधा हिशेब होता. त्यासाठी मध्यस्थाने श्रेयाचा मोह सोडावा लागतो आणि आपण काहीच करीत नाही हा आरोप निमूटपणे ऐकावा लागतो. हॅमरशोल्ड यांना दोन्ही जमत होते.

पुढच्याच वर्षी सुएझचा पेच उद्भवला. २६ जुलै १९५६ रोजी इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. २९ ऑक्टोबरला इस्रायलने सिनाईत फौजा घुसवल्या आणि दोनच दिवसांत ब्रिटन व फ्रान्सने इजिप्तवर बाँबवर्षाव सुरू केला. तिघांचे आधीच गुप्तपणे संगनमत झाले होते. सुरक्षा परिषदेच्या दोन स्थायी सदस्यांनीच आक्रमण केलेले, त्यामुळे परिषद नकाराधिकाराने जखडली गेली. ३१ ऑक्टोबर रोजी हॅमरशोल्ड परिषदेत उभे राहिले. सनदेची तत्त्वे सदस्यांनी पाळली तरच आपण या पदावर राहू शकतो, अन्यथा त्यांनी दुसरा माणूस शोधावा, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. ज्यांच्याविरुद्ध हा इशारा होता त्या ब्रिटन आणि फ्रान्सच्या प्रतिनिधींनाही त्यांच्यावर विश्वास व्यक्त करावा लागला.

प्रश्न आमसभेच्या तातडीच्या अधिवेशनात गेला. कॅनडाच्या पिअर्सन यांनी दोन्ही बाजूंच्या मध्ये उभी राहील अशा आंतरराष्ट्रीय सेनेची कल्पना मांडली आणि तिची योजना ४८ तासांत सादर करण्यास सरचिटणीसांना सांगण्यात आले. अशा प्रकारच्या सेनेला इतिहासात पूर्वोदाहरण नव्हते. हॅमरशोल्ड आणि राल्फ बंच यांनी अहोरात्र बसून तिचे नियम ठरवले. यजमान देशाच्या संमतीनेच सेना जाईल, महासत्तांचे सैनिक तिच्यात नसतील आणि शस्त्र केवळ स्वसंरक्षणासाठी वापरले जाईल. निळ्या टोप्या शिवून येण्याइतका वेळ नव्हता, म्हणून शिरस्त्राणांवर निळा रंग फवारण्यात आला. १५ नोव्हेंबर रोजी पहिली तुकडी इजिप्तमध्ये उतरली. दहा देशांच्या सुमारे सहा हजार जवानांच्या या सेनेत भारतीय जवान होते आणि सरचिटणीसांच्या सल्लागार समितीतही भारताला स्थान होते. पुढे मेजर जनरल प्रेमसिंग ग्यानी या भारतीय सेनानीकडे तिचे नेतृत्व आले. डिसेंबरात ब्रिटिश-फ्रेंच सैन्य परतले, मार्च १९५७ मध्ये इस्रायलने माघार घेतली आणि एप्रिलमध्ये कालवा पुन्हा वाहता झाला. आज जगभर दिसणाऱ्या निळ्या शिरस्त्राणांच्या शांतिसेनेचा पाया या काही दिवसांत घातला गेला.

मात्र त्याच नोव्हेंबरात हंगेरीही पेटले होते. ४ तारखेला सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्टमधील उठाव चिरडला. आमसभेने ठराव केले, हॅमरशोल्ड यांनी बुडापेस्टला जाण्याची तयारी दर्शवली, पण नव्या राजवटीने त्यांना येऊ दिले नाही. ब्रिटन आणि फ्रान्स यांना अमेरिकेचा रोष आणि आर्थिक दडपण यांपुढे नमावे लागले होते. रशियाला नमवील असे कोणीच नव्हते. इजिप्तला एक न्याय आणि हंगेरीला दुसरा, ही टीका हॅमरशोल्ड यांच्यावर झाली आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. सरचिटणीसाची शिष्टाई कुठवर पोहोचू शकते, याची सीमारेषा बुडापेस्टने आखून दिली. तरीही १९५७ मध्ये आमसभेने त्यांची एकमताने फेरनिवड केली.

या धकाधकीत त्यांचे खासगी आयुष्य जवळजवळ नव्हतेच. ते अविवाहित राहिले. गिर्यारोहण, छायाचित्रण आणि साहित्य हे त्यांचे विसावे होते. वडिलांच्या निधनानंतर स्वीडिश अकादमीतील त्यांची जागा १९५४ मध्ये मुलाकडे आली आणि साहित्याचे नोबेल देणाऱ्या मंडळात ते बसू लागले. फ्रेंच कवी सेंट-जॉन पर्स यांच्या काव्याचा त्यांनी स्वीडिशमध्ये अनुवाद केला. नेपाळच्या दौऱ्यात विमानातून टिपलेली हिमशिखरांची त्यांची छायाचित्रे नॅशनल जिओग्राफिक मासिकाने छापली. राष्ट्रसंघाच्या न्यूयॉर्क येथील मुख्यालयात सर्व धर्मांच्या आणि कोणताही धर्म न मानणाऱ्या माणसांसाठी त्यांनी एक ध्यानकक्ष सिद्ध करून घेतला. त्यात कोणतीही मूर्ती वा धर्मचिन्ह नाही. मधोमध आहे ती केवळ स्वीडनहून आणलेली लोहखनिजाची सुमारे साडेसहा टनांची शिळा.

१९६० साल उजाडले ते आफ्रिकेच्या स्वातंत्र्याची पहाट घेऊन. ३० जून रोजी बेल्जियमने काँगो सोडला तेव्हा त्या विशाल देशात पदवीधर अगदी मोजके होते आणि सैन्यात एकही काँगोली अधिकारी नव्हता. आठवड्याभरात सैन्याने बंड केले. आपल्या नागरिकांच्या रक्षणाचे कारण सांगून बेल्जियमने छत्रीधारी सैनिक उतरवले. ११ जुलैला तांबे, कोबाल्ट आणि युरेनियम यांनी समृद्ध असा कटांगा प्रांत मोइझ चोंबे यांच्या नेतृत्वाखाली फुटून निघाला. त्यांच्या पाठीशी बेल्जियन खाण कंपनीचे बळ होते. अध्यक्ष कासावुबू आणि पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांनी राष्ट्रसंघाकडे धाव घेतली. हॅमरशोल्ड यांनी सनदेच्या ९९ व्या कलमाखालील आपला अधिकार वापरून सुरक्षा परिषद बोलावली आणि काही दिवसांतच शांतिसेना काँगोत उतरू लागली. या सेनेची संख्या पुढे वीस हजारांच्या घरात गेली.

येथे मात्र इकडे आड तिकडे विहीर अशी अवस्था झाली. लुमुंबांना राष्ट्रसंघाने कटांगावर चालून जावे असे वाटत होते. देशांतर्गत संघर्षात कोणाच्याही बाजूने बळ वापरायचे नाही, या भूमिकेवर हॅमरशोल्ड ठाम राहिले. लुमुंबा रशियाकडे वळले. सप्टेंबरात कासावुबूंनी लुमुंबांना पदच्युत केले, तेव्हा राजधानीतील राष्ट्रसंघाच्या प्रतिनिधीने विमानतळ आणि नभोवाणी केंद्र बंद ठेवले. हेतू रक्तपात टाळण्याचा असला तरी परिणाम लुमुंबांच्या विरोधात गेला. काही दिवसांतच कर्नल मोबुटू यांनी सत्ता बळकावली. नोव्हेंबरअखेर राष्ट्रसंघाच्या पहाऱ्यातील निवासस्थानातून निसटलेले लुमुंबा वाटेत पकडले गेले, तेव्हा शांतिसेनेने हस्तक्षेप केला नाही. १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगात त्यांची हत्या झाली. हॅमरशोल्ड यांच्या कारकिर्दीवरील हा सर्वात गडद डाग आहे. बाजू न घेण्याचा आग्रह कधी कधी बलवानाच्या पथ्यावर पडतो, हे लुमुंबांच्या मृत्यूने दाखवून दिले आणि त्याचे उत्तर हॅमरशोल्ड यांच्या तत्त्वज्ञानात सापडत नाही.

रशियाचा रोष आधीच उफाळला होता. सप्टेंबर १९६० मध्ये निकिता ख्रुश्चॉव्ह स्वतः आमसभेत आले. एका सरचिटणीसाऐवजी पाश्चात्त्य, साम्यवादी आणि अलिप्त अशा तीन गटांचे त्रिकूट नेमावे, अशी मागणी त्यांनी केली. जगात तटस्थ राष्ट्रे असू शकतात, पण तटस्थ माणूस असू शकत नाही, हा त्यांचा सिद्धांत होता. हॅमरशोल्ड यांनी ३ ऑक्टोबर रोजी उत्तर दिले. बलाढ्य राष्ट्रांना राष्ट्रसंघाच्या आश्रयाची गरज नाही. ती गरज इतर सर्वांना आहे. त्यांची इच्छा असेपर्यंत आपण पदावर राहू, असे त्यांनी सांगितले आणि सभागृह टाळ्यांच्या कडकडाटात उभे राहिले. पंडित नेहरूंना राष्ट्रसंघाचे काँगोतील वर्तन अनेकदा खटकले होते, पण त्रिकुटाच्या कल्पनेला त्यांनी साथ दिली नाही. काँगोत हॅमरशोल्ड यांचे प्रतिनिधी म्हणून राजेश्वर दयाळ यांनी अत्यंत कठीण काळात काम केले आणि लुमुंबांच्या हत्येनंतर इतर देश आपले सैनिक परत बोलावीत असताना भारताने एक पूर्ण ब्रिगेड तेथे पाठवली.

ख्रुश्चॉव्ह यांच्या सिद्धांताला हॅमरशोल्ड यांनी मे १९६१ मध्ये ऑक्सफर्डच्या व्याख्यानात सविस्तर उत्तर दिले. आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्याला स्वतःची मते असणारच, त्याने मन कोरे करावे अशी अपेक्षा नाही. मात्र ती मते ओळखून त्यांना आपल्या कामापासून दूर ठेवण्याचे बंधन त्याच्यावर आहे. हे शक्य नसेल तर राष्ट्रसंघ म्हणजे केवळ सरकारांची चर्चासभा उरेल, असा त्यांचा युक्तिवाद होता.

त्यानंतर चारच महिन्यांनी शेवट आला. १३ सप्टेंबर रोजी कटांगातील राष्ट्रसंघाच्या अधिकाऱ्यांनी परकीय भाडोत्री सैनिकांना हुसकावण्यासाठी मोहीम छेडली आणि ती फसली. जाडोव्हिल येथे आयरिश जवानांची तुकडी वेढली गेली. या मोहिमेची हॅमरशोल्ड यांना कितपत पूर्वकल्पना होती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. त्याच दिवशी काँगोत पोहोचलेल्या हॅमरशोल्ड यांनी युद्धबंदीसाठी चोंबे यांना स्वतः भेटण्याचे ठरवले. भेट उत्तर ऱ्होडेशियातील, म्हणजे आजच्या झांबियातील, एनडोला येथे व्हायची होती. १७ सप्टेंबरच्या दुपारी त्यांचे डीसी-६ विमान लिओपोल्डव्हिलहून निघाले. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात, विमानतळापासून काही मैलांवरच्या जंगलात ते कोसळले. विमानातील सोळा जणांपैकी केवळ एक सुरक्षा अधिकारी जिवंत सापडला आणि काही दिवसांनी त्याचेही निधन झाले. अवशेषांचा शोध लागल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले, ते दुसऱ्या दिवशी दुपारी.

त्या वर्षीचे नोबेल शांतता पारितोषिक हॅमरशोल्ड यांना मरणोत्तर देण्यात आले. हा मान अन्य कोणालाही मिळालेला नाही. कटांगाची फुटीरता जानेवारी १९६३ मध्ये मोडून काढण्यात आली आणि त्यात भारतीय जवानांचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी हॅमरशोल्ड यांची टिपणवही स्वीडिशमध्ये प्रकाशित झाली. त्यांच्या न्यूयॉर्कच्या निवासस्थानी सापडलेल्या या वहीत सुएझ, पेकिंग वा काँगो यांचा उल्लेखही नाही. आहे तो स्वतःच्या अहंकाराशी, एकटेपणाशी आणि ईश्वराशी चाललेला संवाद. जगाशी वाटाघाटी करणारा हा माणूस रोज रात्री स्वतःशीही तितक्याच कठोरपणे वाटाघाटी करीत होता, हे त्याच्या निकटवर्तीयांनाही तेव्हाच कळले.

विमान कसे पडले, हे कोडे मात्र अजून सुटलेले नाही. ऱ्होडेशियाच्या चौकशीने वैमानिकाची चूक ठरवली. राष्ट्रसंघाच्या १९६२ च्या चौकशीने घातपाताची शक्यता ना मान्य केली ना फेटाळली. २०११ मध्ये ब्रिटिश संशोधक सुसान विल्यम्स यांच्या पुस्तकाने हा विषय पुन्हा ऐरणीवर आणला. टांझानियाचे माजी सरन्यायाधीश मोहम्मद चांदे ओथमान यांनी राष्ट्रसंघाच्या वतीने २०१७ पासून अनेक अहवाल सादर केले. बाह्य हल्ला किंवा धोका हे अपघाताचे कारण असणे संभवनीय आहे आणि काही सदस्य राष्ट्रांच्या गुप्तचर दप्तरांत याविषयीची माहिती अजून दडलेली असण्याची दाट शक्यता आहे, हे त्यांच्या निष्कर्षांचे सार आहे. ही दप्तरे उघडावीत म्हणून राष्ट्रसंघाला आजही त्याच राष्ट्रांच्या दाराशी विनंतीअर्ज घेऊन उभे राहावे लागते. सक्तीचा अधिकार नसलेल्या संस्थेपाशी दुसरा उपाय नाही, हे उप्सालाच्या दफनभूमीत वडिलांच्या घराण्याच्या जागेत विसावलेल्या या सरचिटणीसाइतके कोणालाच ठाऊक नव्हते.